तात्पुरती माणसे आणि पाच रात्रींचा महोत्सव

थंडी पडू लागली की आमच्या नगरपालिकेच्या विषयपत्रिकेवर दोन विषय हटकून येतात. एक हिवाळी महोत्सवाचा आणि दुसरा तात्पुरत्या कर्मचाऱ्यांच्या थकलेल्या पगाराचा. पहिला विषय बाके वाजवून मंजूर होतो. दुसरा ‘पुढील सभेत घेण्यात यावा’ असा शेरा मारून पुढे ढकलला जातो. यंदाही तसेच झाले. (कायद्याच्या भाषेत ‘नगरपरिषद’ म्हणायला हवे; १९६५ च्या अधिनियमात तोच शब्द आहे. पण गावात कोणी परिषद म्हणत नाही, म्हणून मीही पालिकाच म्हणते. गावाचे नाव लिहीत नाही. हा अंक ज्यांच्या हाती पडणार त्यांना ते ठाऊकच आहे.)

यंदा तसे होऊ नये अशी आशा बाळगायला खरे तर जागा होती. गेली काही वर्षे राज्यातल्या बहुतेक नगरपालिकांत लोकांनी निवडून दिलेले कोणी नव्हते, प्रशासक कारभार पाहत होते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये आदेश दिला तेव्हा कुठे निवडणुका लागल्या. २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींचा कार्यक्रम जाहीर झाला, बहुतेक ठिकाणी २ डिसेंबरला मतदान झाले आणि २१ डिसेंबरला मतमोजणी. प्रशासकाच्या काळात पगाराची चौकशी करायला गेलेल्या माणसाला उत्तर मिळे, ‘सध्या सभागृह नाही, निर्णय कोण घेणार?’ महोत्सव मात्र त्या काळातही होत होता. त्याला सभागृहावाचून अडले नाही. आता सभागृह आले म्हणून जानेवारीतल्या सभेला मी प्रेक्षकांच्या बाकावर जाऊन बसले. पालिकेची सभा नागरिकांना खुली असते हे आम्हांला राज्यशास्त्राच्या तासाला शिकवले आहे. दारावरच्या शिपायाला ते कोणी शिकवलेले नसावे. आत दोघातिघांना विचारून आल्यावर त्याने मला सोडले.

पगाराचा विषय निघाला तेव्हा एका नव्या सदस्याने विचारले, महोत्सवाला पैसे आहेत तर ह्या माणसांच्या पगाराला का नाहीत? अधिकाऱ्यांच्या बाजूने उत्तर आले, ‘दोन्हींची लेखाशीर्षे वेगळी आहेत. ह्याचा पैसा त्याला वळवता येत नाही.’ सदस्य खाली बसले. खोटे कशाला बोलू, उत्तर मलाही क्षणभर पटले. ‘लेखाशीर्ष’ हा शब्दच असा वजनदार आहे की तो कानी पडला की बोलणारा माणूस खाली बसतो. पण ही लेखाशीर्षे काही आकाशातून पडत नाहीत. दर फेब्रुवारीत अर्थसंकल्प मांडताना कोणत्या शीर्षाखाली किती रक्कम ठेवायची हे हेच सभागृह ठरवते, आणि वर्षाच्या मध्यात एका शीर्षाची रक्कम दुसऱ्याकडे वळवायची झाली तर तिला ‘पुनर्विनियोजन’ असे नाव असून तीही ह्याच सभागृहाच्या मंजुरीने होते. म्हणजे वळवता येत नाही असे नव्हे, वळवायचे मनात नाही, असे ते उत्तर होते.

उत्तर देणारे साहेबही प्रभारीच होते, मूळ नेमणूक दुसऱ्या पालिकेत. तेव्हा सभेत तात्पुरती माणसे दोन प्रकारची होती म्हणायची. एका प्रकाराचा पगार महिन्याच्या महिन्याला होतो, एवढाच फरक.

तर ही दुसऱ्या प्रकारची माणसे कोण? पहाटे रस्ता झाडणाऱ्या बायका, घंटागाडीवरची पोरे, गटार उपसणारे, पाण्याच्या टाकीवर रात्री जागून व्हॉल्व्ह फिरवणारा, पथदिव्याच्या खांबावर चढणारा, अग्निशामक बंबावरचा मदतनीस, कार्यालयात संगणकावर दाखले काढून देणारी ताई. ह्यांतल्या एकाही कामाला तात्पुरते म्हणता येईल का? कचरा तात्पुरता पडत नाही. पाणी तात्पुरते लागत नाही. काम कायमचे आणि ते करणारा तेवढा तात्पुरता, असा हा व्यवहार आहे. आमच्या आळीत एक मावशी आहेत, माझ्या जन्माच्या आधीपासून त्या झाडतात. त्या अजून तात्पुरत्याच.

असे का होते ते समजून घ्यायला मला बराच वेळ लागला. आमच्या अभ्यासक्रमात पालिकेची रचना आहे, पण पालिकेचा पैसा नाही. जे कळले ते थोडक्यात सांगते. पालिकेत किती पदे असावीत ह्याचा आकृतिबंध शासन ठरवून देते. त्याबाहेर पद भरता येत नाही आणि आकृतिबंधातलीही पदे निवृत्तीनंतर वर्षानुवर्षे रिकामी राहतात. आस्थापनेवरचा खर्च वाढू द्यायचा नाही असा वरून दंडक. मग वाट काढली जाते ती निविदेची. माणसे नेमायची नाहीत, ‘सफाईचे काम’ ठेक्याने द्यायचे. माणूस तोच, झाडू तोच, रस्ता तोच. पण त्याचा पगार आता पगार राहत नाही, ठेकेदाराचे बिल होते. कायम नोकरांच्या पगारासाठी शासनाकडून सहायक अनुदान येते (जकात गेली त्याच्या बदल्यात सुरू झालेले). ठेक्याचे बिल मात्र मुख्यतः पालिकेच्या स्वतःच्या तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-आमच्या घरपट्टीतून द्यावे लागते.

आणि घरपट्टी कधी भरली जाते? मार्चमध्ये. जप्तीची नोटीस आल्यावर, चौकात ढोल वाजल्यावर. म्हणजे हिवाळ्यात तिजोरी तळाला गेलेली असते. नेमक्या त्याच वेळी महोत्सव येतो. दोन्ही विषय एकाच विषयपत्रिकेवर दर वर्षी भेटतात ह्यात योगायोग नाही; तिजोरी एक आहे आणि ऋतूही एक आहे.

पगार थकला की मग टोलवाटोलवी सुरू होते. बायका ठेकेदाराकडे जातात, तो म्हणतो, पालिकेने बिल काढले नाही. पालिकेत जातात, तिथे सांगतात, तुम्ही आमच्या नोकरच नाही, ठेकेदाराला विचारा. मी कॉलेजात जाते म्हणून आमच्या आळीत वाचून दाखवायचे काम माझ्याकडे असते. संध्याकाळी कोणी ना कोणी मोबाईल पुढे करते, ‘बघ गं पोरी, आमच्या फंडात पैसं पडलं का?’ मी भविष्यनिर्वाह निधीचे पासबुक उघडून पाहते. कामगाराच्या पगारातून १२ टक्के कापायचे आणि मालकाने तेवढेच घालायचे, असा नियम आहे. कापलेले चिठ्ठीवर दिसते. भरलेले पासबुकावर दिसत नाही. हे त्या बायकांना सांगणे हा माझ्या शिक्षणाचा आजवरचा सर्वांत वाईट उपयोग.

कायदा ह्या बाबतीत मुका आहे असे कोणी समजू नये. ठेकेदाराने वेतन दिले नाही तर मूळ मालकाने ते द्यावे आणि ठेकेदाराच्या बिलातून वसूल करावे, असे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातच लिहिले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली. ही तरतूद तीतही कायम आहे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत झाला पाहिजे, हेही नव्या वेतन संहितेत आहे. ‘तुम्ही आमच्या नोकर नाही’ ह्या वाक्याने पालिकेची सुटका होत नाही. ते वाक्य चालते, कारण ऐकणाऱ्या बाईला कलम ठाऊक नसते आणि ठाऊक असले तरी उद्या हजेरीपत्रकावरून नाव कमी होण्याची भीती असते.

न्यायालयांचा इतिहास चढउताराचा आहे. २००६ साली उमादेवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, भरतीची रीतसर पद्धत डावलून आलेल्यांना केवळ पुष्कळ वर्षे काम केले म्हणून कायम होण्याचा हक्क मिळत नाही. तेव्हापासून प्रत्येक कार्यालयात हे नाव ढालीसारखे पुढे केले जाते. परंतु त्याच न्यायालयाने २०१६ साली जगजितसिंग खटल्यात म्हटले की समान काम असेल तर तात्पुरत्यालाही समान वेतन मिळाले पाहिजे. हा निकाल मात्र ढाल धरणाऱ्यांच्या फायलीत सहसा सापडत नाही. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षे लढा दिला आणि २०१७ साली महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला. मुंबईत संघटना होती. लहान गावात संघटना करायला निघालेल्या बाईला ठेकेदार आडनावाने ओळखतो.

आता महोत्सवाकडे वळते. माझ्या वर्गात ह्या विषयावर वाद झाला तेव्हा पुष्कळांनी सोपा उपाय सुचवला, महोत्सव बंद करा! त्यांच्या मदतीला कोणी तरी महात्मा फुल्यांना आणले. आणले ते ठीकच केले. जोतीराव १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८८० साली व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी पालिकेने हजार रुपये खर्च करावेत असे ठरत असताना त्यांनी एकट्याने विरोधात मत दिले. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाला द्या, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे मोठी मंडई बांधण्याचे निघाले तेव्हाही त्यांनी ह्याच कारणाने विरोध केला. ती मंडई १८८६ साली रे साहेबांच्या नावाने उघडली आणि आज तिला नाव कोणाचे आहे? महात्मा फुले मंडई! विरोध करणाऱ्याचेच नाव इमारतीला देऊन मोकळे होण्याची आपली रीत जुनी आहे. असो.

पण जोतीरावांचा विरोध साहेबाच्या स्वागताला होता, लोकांच्या आनंदाला नव्हे. हा फरक माझ्या मित्रांनी ध्यानात घेतला नाही. महोत्सव बंद करा हे म्हणणे सोपे कोणाला आहे? ज्यांच्या घरी मोठा टी.व्ही. आहे, जे दिवाळीनंतर महाबळेश्वरला, गोव्याला जाऊन येतात, त्यांना. आमच्या आळीतल्या बायका वर्षातून ज्या मोजक्या रात्री उशिरापर्यंत घराबाहेर हसत-बोलत बसतात, त्या ह्याच पाच रात्री. पोरांना आकाशपाळणा मिळतो, म्हाताऱ्यांना भजनाची रात्र, तरुणांना दिव्यांच्या उजेडातली टेनिस चेंडूची क्रिकेट स्पर्धा. गरीब माणसाला करमणूक लागत नाही, त्याला फक्त पगार द्या, हा विचार मला पगार न देण्याइतकाच कोता वाटतो. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांची अठरा कामे दिली आहेत. त्यांत स्वच्छता सहाव्या क्रमांकावर आहे, उद्याने व क्रीडांगणे बाराव्या आणि सांस्कृतिक कार्याला उत्तेजन तेराव्या. म्हणजे दोन्ही पालिकेचीच कामे, एकाच यादीतली.

माझी तक्रार महोत्सव होतो ही नाही. तो ज्या प्रकारे होतो ही आहे. पाच रात्रींसाठी मुंबईचा वाद्यवृंद, समोर मान्यवरांचे सोफे, त्यामागे खुर्च्या, त्यामागे सतरंजी, त्यामागे आम्ही. निम्मा वेळ सत्कारात जातो. शाली इतक्या वाटल्या जातात की थंडी व्यासपीठावर फिरकत नाही. उरलेला हिवाळा काय? थंडी हा तर व्यायामाचा ऋतू. पालिकेच्या तालमीला कुलूप आहे आणि किल्ली कोणाकडे आहे ह्याबद्दल तीन मते आहेत. मैदानाचा एक कोपरा जप्त केलेल्या हातगाड्यांनी भरलेला, दुसऱ्या कोपऱ्यात बांधकामाची खडी. मुलींना कबड्डीच्या सरावाला जागा नाही. वाचनालय संध्याकाळी सहाला बंद होते, म्हणजे नोकरी करणारा माणूस पोहोचतो तेव्हा. पाच रात्रींच्या मंडपावर जे जाते त्याच्या थोड्या भागात ह्या गोष्टी चार महिने चालल्या असत्या. पण तालमीचे उद्‌घाटन दर वर्षी करता येत नाही, मंडपाचे करता येते.

आणि आता माझा मुख्य मुद्दा. यंदा महोत्सवाच्या शेवटच्या रात्रीनंतर पहाटे साडेचारला मी आमच्या आळीतल्या बायकांबरोबर मैदानावर गेले. धुके होते. पत्रावळी, द्रोण, कागदी पेले, फटाक्यांचे कागद, पाण्याच्या बाटल्या ह्यांचा थर असा होता की पायाखालची जमीन दिसत नव्हती. सात बायका आणि दोन घंटागाड्या. हातमोजे तिघींकडे होते, तेही एकेकच हाताचे. सूर्य वर येईपर्यंत त्यांनी मैदान मोकळे केले आणि मग त्या आपापल्या रोजच्या रस्त्यांवर गेल्या, कारण तिथली हजेरी वेगळी. मैदानाच्या कामाची हजेरी लागली नाही. कोणाला विचारावे हेही त्यांना माहीत नव्हते. नंतर मी सभेत मंजूर झालेला महोत्सवाचा खर्चाचा अंदाज मागून पाहिला. मंडप आहे, ध्वनी आहे, रोषणाई आहे, कलावंतांचे मानधन, पाहुण्यांचे भोजन, हारतुरे, सत्काराची स्मृतिचिन्हे, छायाचित्रण, सगळे आहे. साफसफाई हे पद त्यात नाही. ते ‘वेगळ्या लेखाशीर्षात’ आहे, आणि त्या लेखाशीर्षात पैसे नाहीत.

म्हणजे महोत्सवाचा एक भाग ह्या बायका आपल्या पदरच्या पैशाने करतात असा हिशेब निघतो. त्यांना देणगीदारांच्या फलकावर जागा मिळायला हरकत नाही.

आपण विद्यार्थी ह्या बाबतीत अगदी बाहेरचे आहोत असेही नाही. डिसेंबरात राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे हिवाळी शिबिर असते. आम्ही शेजारच्या खेड्यात जाऊन गावाचा रस्ता झाडला, गटारे मोकळी केली, रात्री शेकोटीभोवती गाणी म्हटली. छान झाले. आम्हांला त्याचे प्रमाणपत्र मिळते, छायाचित्र ह्याच वार्षिकांकात छापून येते. तेच काम वर्षभर करणारीला प्रमाणपत्र नाही आणि पगारही वेळेवर नाही, हे शिबिराच्या समारोपात कोणी बोलले नाही. मीही त्या दिवशी आभारप्रदर्शन करीत होते.

शिवाय तात्पुरतेपणाची ही गोष्ट फक्त झाडूवाल्यांची आहे असे समजून प्राध्यापक मंडळींनीही निर्धास्त राहू नये. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत किती तरी शिक्षक तासिका तत्त्वावर शिकवतात. जेवढे तास तेवढे पैसे, सुट्टीत काही नाही, पुढच्या वर्षी पुन्हा नव्याने अर्ज. त्यांची बिलेही महिनोन्‌महिने अडकतात. दर डिसेंबरात नागपूरला विधिमंडळाचे अधिवेशन भरते. तिथल्या मोर्चांत हे शिक्षक, अंगणवाडी सेविका, कंत्राटी परिचारिका आणि पालिकांचे रोजंदार असे सगळे एकमेकांच्या मागेपुढे उभे असतात. थंडीतली ही गर्दी महोत्सवापेक्षा मोठी असते, फक्त तिच्यासाठी मंडप नसतो.

एक आक्षेप प्रामाणिक आहे, तो सांगते. आमचेच एक सर म्हणाले, ‘सगळ्यांना कायम केले तर पालिका बुडेल, मग पगार द्यायला पालिकाच उरणार नाही.’ त्यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेणार नाही. लहान पालिकेचे उत्पन्न थोडे, घरपट्टी बुडवणारे मोठे आणि त्यांना हात लावायची कोणाची छाती नाही. परंतु कायम करणे ही लांबची गोष्ट झाली, तिला शासनाची मंजुरी लागते. केलेल्या कामाचा ठरलेला पगार सात तारखेला देणे ह्याला कोणाची मंजुरी लागते? ठेकेदाराचे बिल मंजूर करण्यापूर्वी मागच्या महिन्याचे पगार बँकेत जमा झाल्याचा आणि फंड भरल्याचा पुरावा मागणे ह्याला किती खर्च येतो? एक कारकून आणि एक शिक्का.

मला सभागृहाकडून दोन ठराव हवे आहेत. तात्पुरत्या व कंत्राटी कामगारांचे वेतन थकलेले असताना महोत्सवाचे एकही बिल अदा होऊ नये, हा पहिला. दुसरा असा की महोत्सवाच्या खर्चाच्या अंदाजात मंडपाच्याही वर पहिली ओळ साफसफाई, पाणी, दिवे आणि राखण करणाऱ्यांच्या जादा मजुरीची असावी. पाच रात्रींच्या चार झाल्या तरी चालतील. आमच्या आळीतल्या बायकांना मी हे विचारले आहे. त्या म्हणाल्या चार चालतील, पण भजनाची रात्र कापू नका.

हा अंक छापून हाती येईपर्यंत नव्या वर्षाचा अर्थसंकल्प मंजूर झालेला असेल. त्याची प्रत माहितीच्या अधिकारात मागता येते. अर्जाला दहा रुपयांचा शिक्का लागतो. ‘सण, समारंभ व महोत्सव’ आणि ‘घनकचरा व्यवस्थापन’ अशी दोन शीर्षे पाहावीत आणि त्यांच्यापुढे गेल्या वर्षीचे व यंदाचे आकडे लिहून काढावेत. मी अर्ज टाकला आहे. आणखी चार-पाच जणांनी टाकला तर बरे, म्हणजे माझ्या एकटीच्या अर्जावर ‘कागदपत्रे सापडत नाहीत’ असा शेरा मारणे जरा अवघड जाईल.